पानातच विचारलेले प्रश्न

ऑक्टोबर २०२३मध्ये नेक्स्ट.जेएस या वेब फ्रेमवर्कच्या परिषदेत पडद्यावर एक छोटा नमुना दाखवला गेला. त्यात वेबपानावरचे एक बटण होते आणि ते बटण जिथे मांडले होते तिथेच, त्याच फाइलीत, डेटाबेसला द्यायची एसक्यूएलची आज्ञा लिहिलेली होती. त्या पडद्याचे छायाचित्र लगोलग प्रोग्रॅमर मंडळींच्या थट्टेचा विषय झाले. आपण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पीएचपी या भाषेत हेच करत होतो, ती चूक होती हे कळायला बराच काळ गेला, आणि आता नवी पिढी तीच चूक नवा शोध म्हणून मिरवते आहे, असा त्या थट्टेचा सूर होता. या थट्टेमागे वेबच्या इतिहासाची एक ठरलेली कथा आहे. आरंभी प्रोग्रॅमिंगचे फारसे ज्ञान नसलेले लोक पानाच्या साच्यातच डेटाबेसच्या क्वेरी लिहीत, त्यामुळे संकेतस्थळांचा गुंता झाला आणि चोरांना दारे उघडी राहिली. मग जाणती माणसे आली, त्यांनी पान एकीकडे आणि माहिती दुसरीकडे अशी भिंत बांधली आणि घडी बसली. कथा सुटसुटीत आहे, पण कागदपत्रे तिला फारशी साथ देत नाहीत. साच्यात क्वेरी लिहिणे ही अडाण्यांची घसरण नव्हती. तो विचारपूर्वक केलेला उपाय होता, आणि आधीची अडचण खरी होती. पुढे तो मागे पडला त्याचे मोठे कारण कचेरीतली कामाची वाटणी हे होते. शिवाय तो गेला असे म्हणतात, तेव्हाही तो गेलेला नव्हताच.

वेब हे दस्तऐवज वाचण्याचे साधन म्हणून जन्मले आणि डेटाबेस त्याला मागाहून चिकटला, असा एक समज असतो. घडले ते जवळजवळ उलटे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली १९९१मध्ये आपली कल्पना सहकाऱ्यांच्या गळी उतरवू पाहत होते, तेव्हा लोकांना वेबकडे ओढणारी पहिली गोष्ट होती सर्नची टेलिफोन डिरेक्टरी. ती एका मोठ्या मेनफ्रेम संगणकावर होती. बेर्न्ड पोलरमान यांच्या मदतीने तिच्यासाठी एक दुवा तयार झाला. नाव टाकले की नंबर हजर. भौतिकशास्त्रज्ञांना हायपरटेक्स्टच्या तत्त्वज्ञानाशी देणेघेणे नव्हते, त्यांना सहकाऱ्याचा नंबर हवा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्राचे, म्हणजे स्लॅकचे, पॉल कुन्झ सर्नला गेले. परतल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १२ डिसेंबर १९९१ रोजी अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर सुरू केला. तो कशासाठी होता? तर स्पायर्स-हेप या शोधनिबंधांच्या सूचीत शोध घेण्यासाठी. ग्रंथपाल लुईझ ॲडिस यांना या सूचीचे मोल पुरेपूर माहीत होते, आणि तिच्यापर्यंत पोचण्याची जुनी वाट किती किचकट आहे हेही. पुढच्याच महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या ला लोंद येथे बर्नर्स-ली यांनी वेबचे प्रात्यक्षिक दाखवले, त्याचा कळस होता सातासमुद्रापलीकडच्या स्पायर्समध्ये घेतलेला शोध. थोडक्यात, वेबपानामागून डेटाबेसला प्रश्न विचारणे हे वेबचे अगदी पहिल्या दिवसांतले काम होते.

मात्र हे काम दर वेळी स्वतंत्र प्रोग्रॅम लिहून करावे लागे. १९९३मध्ये मोझॅक ब्राउझरबरोबर वेबपानांवर फॉर्म आले आणि अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेने सीजीआय हा संकेत रूढ केला. सर्व्हरने एखादा बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याने छापलेले सगळे ब्राउझरकडे पाठवायचे, एवढाच तो करार. प्रोग्रॅम बहुधा पर्लमध्ये किंवा सीमध्ये असे, आणि पानाचा प्रत्येक तुकडा त्याच्या पोटात छापण्याच्या आज्ञेच्या रूपाने कोंबलेला असे. मथळा ठळक करायचा तर प्रोग्रॅम उघडा, रकाना वाढवायचा तर प्रोग्रॅम उघडा, अवतरणचिन्हांच्या गर्दीत योग्य ओळ शोधा आणि काही मोडले नाही ना हे पाहा. म्हणजे पान आणि प्रोग्रॅम यांची सरमिसळ साच्यातल्या क्वेरीने आणली, हे म्हणणे इथेच लंगडे पडते. सरमिसळ आधीपासून होती, फक्त पान प्रोग्रॅमच्या आत अडकलेले होते. पानाचे स्वरूप रोज बदलते, क्वेरी क्वचित बदलते. तेव्हा रोज बदलणारी वस्तू बाहेर हवी आणि क्वचित बदलणारी आत, हा विचार कुणालाही सुचावा इतका सरळ होता.

तो एकाच वेळी अनेकांना सुचलाही. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठातले डेव्हिड ह्यूज यांनी एमएसक्यूएल हा हलका, कमी खर्चाचा डेटाबेस केला होता, त्याच्या जोडीला डब्ल्यू३-एमएसक्यूएल आले. साध्या एचटीएमएल पानातच क्वेरीच्या खुणा लिहायच्या आणि पान पाठवण्याआधी त्या जागी उत्तरे भरली जायची. जे. जे. आणि जेरेमी अलेअर या भावांनी १९९५मध्ये कोल्डफ्यूजन बाजारात आणले. त्याच्या टॅगभाषेचे सुरुवातीचे नाव डीबीएमएल, म्हणजे डेटाबेससाठीची मार्कअप भाषा, होते. एका टॅगमध्ये क्वेरी, दुसऱ्या टॅगमध्ये तिच्या उत्तराची प्रत्येक ओळ कशी दिसावी याचा नमुना, बास. रास्मस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या पानासाठी केलेली हत्यारे १९९५मध्ये खुली केली, आणि १९९६च्या पीएचपी/एफआय आवृत्तीत एमएसक्यूएल व पोस्टग्रेस९५ या डेटाबेसांशी बोलण्याची सोय अंगचीच आली. आयबीएमसारख्या मातब्बर कंपनीनेही डीबी२ डेटाबेससाठी याच धर्तीचे साधन काढले आणि त्यामागची रचना १९९६च्या सिगमॉड परिषदेत, म्हणजे डेटाबेस-शास्त्राच्या प्रतिष्ठित व्यासपीठावर, मांडली. ही माणसे काही अडाणी नव्हती.

अहवालाचा नमुना आणि त्यात भरायची माहिती एकाच ठिकाणी सांगण्याची परंपराही जुनीच. आयबीएमच्या १४०१ संगणकासाठी १९५९च्या सुमारास आलेली आरपीजी ही अहवाल बनवणारी भाषा त्याच वळणाची होती. खुद्द एसक्यूएलचा उगम पाहिला तर गंमत वाटते. १९७४मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिचे पहिले रूप मांडले, तेव्हा डोळ्यांपुढचा वापरकर्ता प्रोग्रॅमर नव्हता. हिशेबनीस, अभियंते, वास्तुरचनाकार, नगररचनाकार अशा लोकांनी डेटाबेसला थेट प्रश्न विचारावेत ही त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुढची वीस वर्षे एसक्यूएल प्रोग्रॅमरांच्याच हाती राहिली. तिला बिगर-प्रोग्रॅमरांपर्यंत मोठ्या प्रमाणावर नेले ते या साच्यांनी. विद्यापीठाच्या विभागाचे पान सांभाळणारा कारकून किंवा ग्रंथालयातली सहायक पानात चार ओळींची क्वेरी लिहून आपली यादी झळकवू लागली, तेव्हा मूळ कर्त्यांचा हेतू उशिरा का होईना, सिद्धीस जात होता.

यावर कुणी म्हणेल की तेव्हा भिंत बांधण्याची कल्पनाच नव्हती, म्हणून लोकांनी मिळेल ते वापरले. पण भिंत होती. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरबरोबर १९९६मध्ये आलेले इंटरनेट डेटाबेस कनेक्टर हे साधन आज जवळपास विस्मरणात गेले आहे. या वादात मात्र त्याच्याइतका चोख साक्षीदार दुसरा नाही. त्यात प्रत्येक पानासाठी दोन फाइली लागत. आयडीसी फाइलीत कोणता डेटाबेस, कोणता साचा आणि कोणती क्वेरी एवढेच असे. एचटीएक्स फाइलीत केवळ पानाचा साचा, आणि त्यात उत्तराची ओळ कुठे सुरू होते व कुठे संपते याच्या खुणा. क्वेरी इकडे, पान तिकडे. पुढे ज्या विभाजनाचे गोडवे गायले गेले, ते इथे पहिल्याच फटक्यात तयार होते. झाले काय? त्याच वर्षाच्या अखेरीस एएसपी आले, ज्यात क्वेरी, अटी, फेरे आणि पान सगळे एकाच फाइलीत लिहिता येई, आणि लोक झपाट्याने तिकडे वळले. कारण उघड होते. खऱ्या कामात एका क्वेरीच्या उत्तरावर दुसरी क्वेरी अवलंबून असते. ग्राहकांची यादी दाखवताना प्रत्येकाखाली त्याची येणी दाखवायची असतात, येणी नसतील तर वेगळी ओळ द्यायची असते. आयडीसीची भिंत इतकी सरळसोट होती की असल्या गरजांना तिच्यात खिडकीच नव्हती. विभाजन माहीत असून, हातात असून लोकांनी ते सोडले, हे ठरलेली कथा सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

मग पाच-सात वर्षांत वारे का फिरले? संकेतस्थळे वाढली आणि त्यांच्यामागे माणसे वाढली. एकटा माणूस पान, क्वेरी, चित्रे सगळे सांभाळत असे तोवर एका फाइलीत सगळे असणे सोयीचे होते. बँका आणि मोठ्या दुकानदारांच्या कामात मात्र पान सजवणारे वेगळे, व्यवहाराचे नियम लिहिणारे वेगळे, डेटाबेस राखणारे आणखी वेगळे. एकाच फाइलीवर तिघांचे हात पडले की भांडण ठरलेले. जावाच्या जगात हे सर्वांत लवकर जाणवले. सन कंपनीच्या जेएसपी या साचातंत्राच्या आरंभीच्या आराखड्यातच दोन मांडण्या सांगितल्या होत्या. पहिलीत पान स्वतःच विनंती घेऊन सगळे उरकते, दुसरीत आधी एक प्रोग्रॅम माहिती गोळा करतो आणि पान फक्त ती दाखवते. डिसेंबर १९९९मध्ये जावावर्ल्ड या नियतकालिकातल्या गोविंद शेषाद्रींच्या लेखाने दुसऱ्या मांडणीला एमव्हीसीचे, म्हणजे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या जुन्या रचनेचे, नाव जोडले, २०००मध्ये क्रेग मॅक्लॅनहन यांचे स्ट्रट्स हे फ्रेमवर्क आले, आणि थोड्याच काळात दुसरी मांडणी धर्मशास्त्र बनली. तरीही २००२मध्ये जेएसपीसाठी प्रमाणित टॅगांचा संच निघाला, तेव्हा त्यात क्वेरी चालवणारे टॅग होतेच. ते छोट्या किंवा नमुन्यादाखल केलेल्या कामापुरते वापरावेत, अशी पुस्ती जोडून. प्रमाण ठरवणाऱ्या समितीलाही गरज नाकारता आली नाही.

एमव्हीसीच्या नावाने जे सांगितले गेले ते मूळ एमव्हीसीत नव्हते, हेही नोंदवायला हवे. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात ती रचना मांडली. त्यांच्या टिपणात दर्शनाचा भाग, म्हणजे व्ह्यू, आपल्याला हवी ती माहिती मॉडेलला प्रश्न विचारून मिळवतो. त्याच्या ताटात कुणी आधीच वाढून ठेवावे आणि त्याने तोंड उघडू नये, अशी अट तिथे नाही. ती अट वेबवाल्यांनी नंतर घातली. तिला कारणे असतील, पण ती पूर्वसूरींची आज्ञा म्हणून सांगितली गेली तेव्हा वादाला सोवळ्याओवळ्याचे रूप आले. साच्यात एसक्यूएल दिसली की फाइल विटाळली, आणि तीच एसक्यूएल शेजारच्या फाइलीत ठेवली की शुद्ध, इतक्या वरवरच्या पातळीवर कित्येक चर्चा चालल्या.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. डिसेंबर १९९८मध्ये फ्रॅक या नियतकालिकाच्या ५४व्या अंकात रेन फॉरेस्ट पपी या टोपणनावाने आलेल्या लेखाने, फॉर्ममध्ये टाकलेल्या मजकुरातून डेटाबेसला भलत्याच आज्ञा कशा देता येतात हे जाहीरपणे दाखवले. पुढे याच युक्तीला एसक्यूएल इंजेक्शन म्हणू लागले आणि तिने कित्येक संकेतस्थळांची अब्रू घालवली. पीएचपी आणि एएसपीची पाने तिला फार बळी पडली, म्हणून दोष साच्यातल्या क्वेरीवर आला. पण यंत्रणा नीट पाहिली तर चूक जागेची नव्हती, जोडणीची होती. वापरकर्त्याने लिहिलेले शब्द जसेच्या तसे क्वेरीच्या वाक्यात चिकटवले की वाक्याचा अर्थच बदलतो. ते वाक्य साच्यात असो वा तीन दालने ओलांडून आत असो. आपला विस्मृत साक्षीदार इथे पुन्हा कामी येतो. आयडीसी फाइलीत क्वेरी पानापासून पूर्ण वेगळी होती, पण फॉर्ममधली किंमत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये नाव लिहून थेट मजकुरात भरली जाई. विभाजन चोख असूनही दार सताड उघडे. याउलट कोल्डफ्यूजनमध्ये पुढे असा टॅग आला की बाहेरची किंमत क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळी पाठवली जाते. तो वापरणारे पान क्वेरी अंगावर वागवूनही सुरक्षित राहते. किंमत वेगळी देण्याची ही रीत काही नवी नव्हती. सत्तरच्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात पीएल/वनसारख्या भाषांत एसक्यूएल बसवली गेली, तेव्हापासून ती उपलब्ध होती. सुरुवातीच्या पीएचपीच्या एमएसक्यूएल आणि मायएसक्यूएलसाठीच्या आज्ञांत मात्र ती नव्हती. दोष द्यायचाच तर त्या आज्ञांना द्यावा.

दुसरा आक्षेप टेरेन्स पार यांनी २००४च्या जागतिक वेब परिषदेतल्या निबंधात नेटकेपणाने मांडला. स्वतःच्या संकेतस्थळाच्या अनुभवातून त्यांनी स्ट्रिंगटेम्प्लेट हे साधन घडवले होते. त्यांचे म्हणणे असे, की साच्याला ताकद दिली की ती कुणीतरी वापरणारच, घाईच्या दिवशी तर नक्कीच. तेव्हा सदिच्छेवर न विसंबता साच्याची भाषाच इतकी दुबळी करावी की विभाजन मोडताच येऊ नये. यात तथ्य आहे. एकच माहिती दहा रूपांत दाखवायची असेल, साचे बाहेरच्या माणसांकडून करून घ्यायचे असतील, तर पार यांचा नियम वेळ आणि मनस्ताप वाचवतो. पण तो नियम विशिष्ट प्रकारच्या कामासाठी आहे. एकाच रूपात दाखवल्या जाणाऱ्या, एकाच माणसाने सांभाळलेल्या यादीला तो लावला तर एका रकान्यासाठी तीन फाइली बदलण्याची पाळी येते आणि बदल्यात हाती काही लागत नाही. वेबवरची पुष्कळशी पाने या दुसऱ्या जातीची होती आणि आहेत.

भिंत बांधल्यावरही प्रश्न थांबले नाहीत, ते फक्त दिसेनासे झाले. याचे उत्तम उदाहरण जँगो हे पायथनमधले वेब फ्रेमवर्क. कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी ते उभारले आणि २००५मध्ये खुले केले. त्याच्या साच्यांत पायथन लिहिण्याला जाणूनबुजून मज्जाव आहे, एसक्यूएलचा तर प्रश्नच नाही. पण जँगोचे क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचे पायथनमधले रूप, आळशी स्वभावाचे. प्रोग्रॅममध्ये क्वेरीसेट तयार झाला तरी डेटाबेसकडे कुणी जात नाही. साच्यातला फेरा पहिली ओळ मागतो तेव्हा खरी क्वेरी सुटते. त्या फेऱ्यात पुस्तकाच्या लेखकाचे नाव मागणारे निरुपद्रवी शब्द असतील, तर प्रत्येक पुस्तकामागे आणखी एक क्वेरी जाते. शंभर पुस्तकांच्या यादीला एकशे एक क्वेरी, आणि साचा लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. हा रोग इतका सार्वत्रिक झाला की त्याला एन अधिक एक असे नाव पडले. वर्डप्रेसने तर फार संकोच केला नाही. २००५च्या आवृत्तीपासून थीमच्या फाइलींत कोणत्या वर्गातले किती लेख हवेत हे सांगून डब्ल्यूपी_क्वेरी बनवता येते. एसक्यूएलचे शब्द गेले, प्रश्न राहिला. एसक्यूएल उघडी लिहिलेल्या जुन्या पानात निदान किती प्रश्न विचारले जाताहेत हे वाचून मोजता येत होते. मला वाटते, विभाजनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या तोट्याचा हिशेब कधी पुरता मांडला नाही.

मराठी विकिपीडियावर संपादन करणाऱ्यांना हा इतिहास वेगळ्या वाटेने ओळखीचा आहे. तिथे साचे कोणीही लिहू शकते, म्हणजे पार यांना वाटणारी भीती तिथे सर्वांत जास्त खरी ठरायला हवी. मीडियाविकी या प्रणालीने मात्र सरसकट बंदी घातली नाही, प्रतवारी लावली. माहितीचौकटीचा साचा विकिडाटा या सामायिक माहितीसाठ्यातल्या त्या लेखाच्या नोंदीतून जन्मतारीख किंवा जन्मस्थळ उचलू शकतो. साताऱ्यात जन्मलेल्या सगळ्या व्यक्ती काढ, असा मोकळा शोध मात्र साच्यातून घेता येत नाही. तसल्या याद्या लिस्टेरियासारखा बॉट बाहेरून क्वेरी चालवून पानात आणून ठेवतो. अमुक नावाचे पान आहे का हे विचारणाऱ्या आज्ञेला प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये डोकवावे लागते, म्हणून अशा आज्ञा महागड्या गटात मोडतात आणि विकिमीडियाच्या प्रकल्पांवर एका पानाला त्यांची मर्यादा ५०० आहे. ती ओलांडली तर पान कोसळत नाही. पुढची पाने अस्तित्वात नाहीत असे धरले जाते आणि तो लेख देखरेखीच्या वर्गात जाऊन पडतो. एकदा तयार झालेले पान साठवून ठेवले जात असल्याने बहुतेक वाचकांसाठी हे प्रश्न पुन्हा विचारावेही लागत नाहीत. पान घडवताना महागड्या आज्ञा किती लागल्या, वेळ किती गेला, याची टीप मीडियाविकी पानाच्या एचटीएमएलमध्येच ठेवते, आणि ब्राउझरमध्ये पानाचा स्रोत उघडणाऱ्या कुणालाही ती वाचता येते.